दोन व्हिएन्नाकर आणि एक ओस पेठ

१९३८ च्या मार्च महिन्यात हिटलरचं सैन्य ऑस्ट्रियात शिरलं आणि व्हिएन्नातल्या ज्यू कुटुंबांना गाव सोडण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. त्या वर्षी अमेरिकेची बोट धरणाऱ्यांत दोघे होते. एक व्हिक्टर ग्रुएन, पस्तिशीला टेकलेला वास्तुविशारद. दुसरा मॅक्स हेलर, मिसरूड फुटलेला एकोणीस वर्षांचा पोरगा. दोघांच्याही खिशात जेमतेम काही डॉलर होते, पण डोक्यात एक अख्खं शहर होतं: झाडांखालून जाणारे रस्ते, दुकानांच्या काचा, कॅफेबाहेर मांडलेल्या खुर्च्या आणि घाई नसलेली माणसं.

हे व्हिएन्ना अमेरिकेत आणायचा प्रयत्न पुढे दोघांनीही केला. त्यातल्या एकाच्या कामामुळे अमेरिकेतल्या गावोगावच्या पेठा ओस पडायला मोठा हातभार लागला. दुसऱ्याने तशी ओस पडलेली एक पेठ पुन्हा वसवली. मरगळलेल्या बाजारात दुकानं आणि खाण्यापिण्याच्या जागा परत कशा येतात, हे समजून घ्यायला या दोघांच्या गोष्टी शेजारी-शेजारी ठेवून बघाव्यात.

आधी ग्रुएन. न्यूयॉर्कला उतरल्यावर त्याने दुकानांच्या दर्शनी भागांची कामं धरली. १९३९ साली फिफ्थ ॲव्हेन्यूवर लेडरर नावाचं चामडी वस्तूंचं दुकान त्याने बांधलं. दार रस्त्याला भिडवायचं सोडून त्याने ते आत ढकललं आणि पुढे छोटी कमान करून तिच्यात काचेची कपाटं मांडली. चालणारा माणूस कपाट बघायला दोन पावलं आत वळे, आणि तोवर तो दुकानाच्या दारात पोचलेला असे. पाऊल थबकलं की निम्मा सौदा झाला, हे ग्रुएनला तेव्हाच उमगलं होतं.

मोटारीच्या मागे धावणारी अमेरिकन उपनगरं त्याला भयाण वाटत. मैलोन्‌मैल घरं, पण चार माणसं भेटतील असा चौक कुठेच नाही. त्यावर त्याने काढलेला तोडगा म्हणजे मिनिआपोलिसजवळच्या एडायना गावात ऑक्टोबर १९५६ मध्ये उघडलेलं साउथडेल. तिथे ७२ दुकानं एका छपराखाली होती. बाहेर मिनेसोटाचा बर्फ पडत असला तरी आत कायम वसंत. मधल्या चौकात झाडं, माशांचा हौद, पक्ष्यांचा उंच पिंजरा, कॅफे. चारही बाजूंनी बंद आणि वातानुकूलित असा हा अमेरिकेतला पहिला मॉल. ग्रुएनच्या लेखी हे व्हिएन्नाच होतं, फक्त वर छप्पर असलेलं.

मूळ आराखड्यात मॉलभोवती घरं, शाळा, दवाखाना, बाग असं सगळं गाव होतं. प्रत्यक्षात बांधला गेला तो मॉल आणि त्याभोवती हजारो गाड्यांचं डांबरी मैदान. त्यात काळही अनुकूल पडला. १९५४ मध्ये अमेरिकेच्या करकायद्यात बदल होऊन नव्या इमारतींचा घसारा लवकर-लवकर वजा करायची मुभा मिळाली. जुनी इमारत डागडुजी करून वापरण्यापेक्षा शेतात नवी ठोकणं गुंतवणूकदाराला परवडू लागलं. १९५६ मध्ये, साउथडेल उघडलं त्याच वर्षी, आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला. कर वाचतोय, रस्ता सरकार बांधून देतंय, गाडी दारात उभी आहे. मग गावातल्या जुन्या पेठेत जागा शोधत घिरट्या कोण घालणार?

साबण घ्यायला आलेला माणूस चपला घेऊन बाहेर पडतो, त्या भुलण्याच्या क्षणाला विक्रीशास्त्रात पुढे ‘ग्रुएन ट्रान्स्फर’ असं नाव पडलं. ग्रुएनला स्वतःला हा मान मुळीच नको होता.

आता हेलर. १९३७ च्या उन्हाळ्यात व्हिएन्नात फिरायला आलेल्या मेरी मिल्स या अमेरिकन मुलीशी त्याची ओळख झाली होती. वर्षभरात नाझी आल्यावर त्याने तिला पत्र टाकलं. ती दक्षिण कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिल गावची. तिने तिथल्या एका शर्टच्या कारखानदाराकडे शब्द टाकला आणि त्याने हेलरला बोलावून घेतलं. कारखान्यात केर काढण्यापासून सुरुवात करून हेलरने दहा वर्षांत स्वतःची शर्ट कंपनी काढली. पुढे ती विकून तो सार्वजनिक कामात पडला आणि १९७१ मध्ये ग्रीनव्हिलचा महापौर झाला.

त्याच्या हाती आलेलं गाव कसं होतं? ग्रीनव्हिल म्हणजे कापडगिरण्यांचं गाव. ‘जगाचं कापडकेंद्र’ असं बिरुद ते स्वतःच मिरवायचं. गावातून वाहणाऱ्या रीडी नदीचं पाणी गिरणीत त्या दिवशी कुठला रंग चालू आहे त्यावर बदलायचं, असं जुनी माणसं सांगत. पण गिरण्यांना घरघर लागली होती. त्यातच १९६८ मध्ये गावाबाहेर मॅकॲलिस्टर स्क्वेअर हा मॉल उघडला आणि मेन स्ट्रीट या मुख्य पेठेतली मोठी दुकानं एकेक करून तिकडे सरकू लागली. १९२५ सालचं दिमाखदार पॉइन्सेट हॉटेल १९७५ मध्ये बंद पडलं. कचेऱ्या सुटल्या की रस्त्यावर चिटपाखरू नसे. गिरणी बंद पडल्यावर तिच्या आसपासच्या बाजाराचं काय होतं, हे परळ-लालबागच्या वाचकाला वेगळं सांगायला नको. लोअर परळला तर फिनिक्स मिलच्या जागेवरच मॉल उभा राहिला.

ग्रीनव्हिलच्या पेठेची आणखी एक जुनी गोष्ट आहे. ऑगस्ट १९६० मध्ये मेन स्ट्रीटवरच्या क्रेस स्टोअरमधल्या जेवणाच्या काउंटरवर दहा कृष्णवर्णीय मुलंमुली येऊन बसली. मॅनेजरने दिवे घालवले, काउंटर बंद झाल्याचं जाहीर केलं आणि पोलिसांनी मुलांना धरून नेलं. गोऱ्यांना आणि काळ्यांना एकत्र जेवायला वाढायचं नाही, असा नगरपालिकेचा नियमच होता. खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६३ मध्ये मुलांची शिक्षा रद्द झाली. ज्या रस्त्यावर माणसांनी येऊन बसावं म्हणून गावाने पुढे कोट्यवधी खर्च केले, त्याच रस्त्यावर बसल्याबद्दल दहा जणांना अटक झाली होती. पेठ म्हणजे नेमकी कुणाची, हा प्रश्न या गोष्टीत पहिल्यापासून आहे.

ओस पेठ दिसली की नगरपालिकांना पहिला विचार सुचतो तो दुकानदाराला सवलत देऊन आणण्याचा: भाडं कमी करा, कर माफ करा, उद्घाटनाची फीत कापा. पण समोरून माणूसच जात नसेल तर फुकट गाळासुद्धा महाग पडतो. हेलरने उलट टोकाने सुरुवात केली. आधी रस्ता हातात घेतला.

मेन स्ट्रीट तेव्हा चार पदरी होता. गावातून गाड्या झटपट बाहेर काढायला उत्तम, थांबायला निरुपयोगी. सॅन फ्रान्सिस्कोचा नामांकित रचनाकार लॉरेन्स हॅल्प्रिन याच्याकडून आराखडा करून घेऊन सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात हेलरने चाराचे दोन पदर केले. वाचलेल्या जागेत रुंद फूटपाथ, झाडं, फुलांच्या कुंड्या, बाकं, आणि कडेला तिरक्या गाड्या लावायची सोय.

तिरक्या पार्किंगचं गणित साधं आहे. फूटपाथला समांतर लावलेली गाडी कडेची वीस-बावीस फूट लांबी खाते, तिरकी लावलेली बारा-तेरा. म्हणजे दोनशे फुटांच्या कडेला जिथे नऊ-दहा गाड्या लागायच्या, तिथे पंधरा-सोळा लागतात. शिवाय तिरकी गाडी मागे घेणारा कुणीतरी सतत असतोच, त्यामुळे मागून येणाऱ्याचा वेग आपोआप पडतो. वेग पडला की चालकाला दुकानाची पाटी वाचता येते, फूटपाथवरच्या माणसाच्या कानाशी घोंगावणं थांबतं आणि टेबल बाहेर मांडायची कुणाची तरी हिंमत होते.

हेलरने इथे एक मोह टाळला. त्या काळी अमेरिकेत पेठेतून गाड्या पूर्ण हद्दपार करायची लाट होती. १९५९ मध्ये मिशिगनमधल्या कालामझूने पहिला पादचारी बाजार केला, तो ग्रुएनच्याच आराखड्यावरून. त्याने भोवती वळणरस्ता आणि वाहनतळही सांगितले होते. गावाने फक्त रस्ता बंद केला. त्यामागोमाग दोनेकशे गावांनी हाच प्रयोग केला आणि बहुतेकांना तो मोडावा लागला. कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोचा १९६४ चा फुल्टन मॉल २०१७ मध्ये पुन्हा गाड्यांना खुला झाला. टिकले ते बोल्डर, बर्लिंग्टन, शार्लट्सव्हिल यांसारख्या विद्यापीठांच्या गावातले, कारण तिथे चालणारी माणसं आधीपासूनच होती. गाड्या बंद केल्याने माणसं येत नाहीत. माणसं असतील तर मात्र गाड्यांवाचून अडत नाही. ग्रीनव्हिलने गाडी ठेवली, तिचा तोरा उतरवला.

रस्ता झाला, पण माणसाने तिथे यायचं कशाला? इथे ग्रीनव्हिलने मॉलचीच एक युक्ती उचलली. मॉलमध्ये दोन मोठी दुकानं मुद्दाम दोन टोकांना ठेवतात. गिऱ्हाईक एकीकडून दुसरीकडे जाताना मधल्या शंभर छोट्या दुकानांवरून जातं, आणि छोट्यांचं पोट त्या येण्या-जाण्यावर चालतं. ग्रीनव्हिलने हीच दोन टोकं खऱ्या रस्त्याला दिली. उत्तरेला १९८२ मध्ये हयात रीजन्सी हॉटेल आलं. त्यात सरकारी अनुदान आणि नगरपालिकेचा पैसा होता. मोबदल्यात हॉटेलचा दर्शनी भाग चारचौघांना वावरता येईल असा सार्वजनिक ठेवला गेला. दक्षिणेला, नदीच्या काठी, १९९० मध्ये पीस सेंटर हे नाट्यगृह आणि संगीतसभागृह उभं राहिलं. पुढे पॉइन्सेट हॉटेलही दुरुस्त होऊन २००० मध्ये पुन्हा उघडलं, आणि २००६ मध्ये आणखी दक्षिणेला बेसबॉलचं मैदान आलं. नाटक सुटलं की जेवायला जागा हवी, सामन्याआधी बिअर हवी. हॉटेल आणि नाट्यगृहाच्या मधली पेठ हळूहळू भरू लागली.

पण सगळ्यात मोठी ओढ गावाच्या उशाशीच होती, आणि गावाने ती झाकून ठेवली होती. रीडी नदीवर ऐन गावात धबधबा आहे. गाव वसलं तेच त्याच्या आधाराने. १९६० मध्ये त्याच्या डोक्यावरून कॅम्परडाउन नावाचा चार पदरी पूल बांधला गेला. खाली घाण पाणी, वर ट्रक. तिथल्या बागप्रेमी बायकांच्या एका मंडळाने १९६७ पासून काठ साफ करायला घेतला आणि पूल काढण्याचा धोशा लावला. धडधाकट, वापरातला पूल धबधबा दिसावा म्हणून पाडायचा, ही कल्पना अनेकांना वेडगळ वाटली. महापौर नॉक्स व्हाइट यांच्या काळात २००२ मध्ये तो अखेर उतरवला गेला. २००४ मध्ये फॉल्स पार्क खुलं झालं. धबधब्यावरून वळण घेत जाणारा साडेतीनशे फुटांचा लिबर्टी ब्रिज फक्त चालणाऱ्यांसाठी आहे, आणि तो एकाच बाजूच्या दोरांवर तोललेला असल्यामुळे दुसऱ्या बाजूने पाणी मोकळं दिसतं.

बागेच्या पैशाची सोय बघण्यासारखी आहे. गावातल्या हॉटेल-रेस्टॉरंटांच्या बिलावर दोन टक्के स्थानिक कर लावलेला आहे, आणि तो अशाच कामांना वापरता येतो. त्यातून बागेचा मोठा खर्च निघाला. बाग पाहायला आलेला माणूस जेवतो, त्याच्या बिलातून बाग फिटते.

आता दुकानदाराच्या गल्ल्यापाशी येऊ. खाण्याच्या धंद्यात साधारण ठोकताळा असा, की भाडं विक्रीच्या दहा टक्क्यांच्या आत राहावं. समजा, पेठेत भोवताली फक्त कचेऱ्या आहेत. मग गिऱ्हाईक मिळतं ते आठवड्यातले पाच दिवस आणि दुपारचे दीड-दोन तास. चाळीस खुर्च्यांचं रेस्टॉरंट एवढ्यावर भाडं, आचारी आणि वीज भागवू शकत नाही. संध्याकाळी नाटकाचं गिऱ्हाईक आलं, शनिवार-रविवारी धबधबा बघायला कुटुंबं आली आणि रोज रात्री वरच्या मजल्यावर राहणारी चार बिऱ्हाडं उतरली, की त्याच खुर्च्या दिवसातून तीनदा भरतात. म्हणून पेठ वसवणारे जाणते लोक दुकानांइतकाच दुकानांच्या वरच्या मजल्यांचा विचार करतात. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड ही आपल्या वाड्यांची-चाळींची जुनी रीत. अमेरिकेतल्या बऱ्याच गावांत जमिनीच्या वापराचे नियम करताना तिच्यावर बंदी घातली गेली आणि पुढे ती प्रयत्नपूर्वक परत आणावी लागली.

हल्ली अशा पेठांमध्ये पहिल्यांदा खाण्यापिण्याच्या जागाच का येतात, याचं उत्तरही व्यवहारात आहे. पुस्तक, चप्पल, टीव्ही घरबसल्या मागवता येतो. चार मित्रांत बसून जेवणं घरपोच मिळत नाही. शिवाय नव्या धंद्याला जुनी इमारतच परवडते, हे शहरांची अभ्यासक जेन जेकब्सने १९६१ मध्येच मांडलं होतं. कारण तिचा बांधकामखर्च केव्हाच फिटलेला असतो. ग्रीनव्हिलमध्ये १९९७ साली सोबीज हे रेस्टॉरंट मेन स्ट्रीटवरच्या एका जुन्या इमारतीत निघालं आणि भिंतींच्या उघड्या विटा ही तिथे अडचण न राहता शोभा झाली. नंतर आलेल्या अनेकांना त्यामुळे धीर आला.

तरीही मॉलकडे एक गोष्ट असते जी पेठेकडे नसते: एकच मालक. कुणाला गाळा द्यायचा, दिवे किती वाजेपर्यंत ठेवायचे, केर कधी काढायचा, दिवाळीत काय सजवायचं, हे तो एकटा ठरवतो. पेठेत शंभर मालक आणि शंभर मतं. त्यातले निम्मे मालक गावातही राहत नाहीत. या दुखण्यावर दोन औषधं निघाली. टोरोंटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेजमधल्या दुकानदारांनी १९७० मध्ये स्वतःवरच जादा कर लावून घेतला आणि तो पैसा आपल्याच रस्त्याच्या सफाईला, दिव्यांना, जाहिरातीला वापरला. आज जगभर चालणाऱ्या या पद्धतीची सुरुवात तिथली. दुसरं औषध अमेरिकेतल्या वारसा-जतन संस्थेने १९७७ मध्ये गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्ज या तीन छोट्या गावांत करून पाहिलं. गावाने पेठेसाठी पूर्णवेळ पगारी व्यवस्थापक नेमायचा. रिकामा गाळा कुणाचा, छप्पर कुठे गळतं, नव्या बेकरीला कर्ज कोण देईल, हे त्याने दारोदार फिरून जुळवायचं. तो प्रयोग पुढे मेन स्ट्रीट कार्यक्रम म्हणून देशभर पसरला.

यातला कुठलाच उपाय झटपट नाही. रस्ता अरुंद केल्यापासून पूल पाडेपर्यंत ग्रीनव्हिलची पंचवीसेक वर्षं गेली. मधल्या काळात शेजारच्या ग्रीअरमध्ये बीएमडब्ल्यूचा कारखाना आला, मिशलिनची कचेरी आली, म्हणून जेवायला बाहेर पडणाऱ्यांच्या खिशात पैसा होता. ते पाठबळ नसलेल्या गावाला नुसत्या कुंड्या मांडून फारसं साधत नाही. आणि साधलं तरी त्याची किंमत असते. पेठ फुलली की भाडी चढतात. आधी चांभार आणि हार्डवेअरवाला जातो, मग आसपासच्या जुन्या वस्त्यांतले भाडेकरू. ग्रीनव्हिलमध्ये त्यांत कृष्णवर्णीय कुटुंबं मोठ्या संख्येने होती. ज्या रीडी नदीकाठी त्यांच्यासाठी मेबेरी पार्क हे वेगळं, दुय्यम मैदान होतं, आणि त्यातलाही तुकडा १९३८ मध्ये गोऱ्यांच्या बेसबॉलसाठी काढून घेतला गेला, तिथे २०२२ मध्ये युनिटी पार्क झालं. बागेसोबत परवडणाऱ्या घरांसाठीही जमीन राखली आहे. गेलेली माणसं किती परततील, हे त्या घरांच्या भाड्यावर ठरेल.

ग्रुएन १९६८ मध्ये व्हिएन्नाला परतला. १९७६ साली त्याच्या शहराच्या वेशीवर अवाढव्य मॉल उघडला आणि जुन्या पेठेतले दुकानदार हवालदिल झाले. आपल्या कल्पनेचं हे लेकरू आपलं नव्हेच, असं त्याने शेवटच्या वर्षांत जाहीर भाषणातच सांगून टाकलं. १९८० मध्ये तो गेला. हेलर त्यानंतर एकतीस वर्षं जगला. त्याने लावलेल्या झाडांखाली कॅफेच्या खुर्च्या भरलेल्या त्याला पाहता आल्या.

त्या झाडांच्या रांगेत हयातपासून पॉइन्सेटपर्यंत कुठे कुठे नऊ ब्राँझचे उंदीर दडलेले आहेत. कुणी खिडकीच्या कट्ट्यावर, कुणी कारंज्याच्या कडेला, प्रत्येक तळहातावर मावेल एवढा. २००० साली हायस्कूलमधल्या एका मुलाने शाळेच्या प्रकल्पासाठी ही कल्पना मांडली होती. ‘गुडनाइट मून’ या मुलांच्या पुस्तकातल्या लपलेल्या उंदरावरून ती त्याला सुचली. उंदीर काही विकत नाहीत. पण नववा सापडल्याशिवाय मुलं हलत नाहीत, आणि नववा सापडेपर्यंत अख्खी पेठ पायाखालून जाते. तोवर आईबापांना भूक लागलेली असते.